सतरा अंड्यांचा उन्हाळा

पाणी कंपनीचं पत्र आलंय. बागेत पाइप लावायचा नाही, गाडी धुवायची नाही, आंघोळ थोडक्यात आटपायची. समोरच्या लॉनचा रंग वाळल्या कडब्यासारखा झालाय. शेजारची तरुण बाई कुंपणावरून म्हणाली, "असा उन्हाळा मी जन्मात पाहिला नाही." मी पाहिलाय. याच साउथहॅम्प्टनात, शहात्तर साली. तिला सांगायला सुरुवात केली, पण तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. म्हणून इथे लिहितेय.

त्या उन्हाळ्याबद्दल लोक सांगतात तेव्हा वितळलेलं डांबर सांगतात, लेडीबर्ड किड्यांचे थवे सांगतात. कपडे वाळत घातले तर पांढऱ्या चादरीवर लाल ठिपके बसलेले असायचे, ते मलाही आठवतं. पण सगळ्यात आधी आठवतो तो जिन्याखालच्या कपाटातला वास. ओल्या शेवाळाचा, बूटपॉलिशचा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या धुळीचा. त्या कपाटात आइस्क्रीमच्या दोन रिकाम्या डब्यांमध्ये माझी सतरा अंडी होती. माझी म्हणजे डचेसची. डचेस म्हणजे माझी सापीण.

ती आमच्याकडे आली त्याला कारण श्रीधर. माझे यजमान, डॉक्टर. आपल्याकडून आलेल्या डॉक्टरांना तेव्हा बहुतेक म्हाताऱ्यांचेच वॉर्ड मिळायचे, तसा त्यांनाही मिळाला होता. त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी एका संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या म्हणाले,

"इंदू, एक विचारतो. पण लगेच हो म्हणू नकोस."

"विचारा."

"एक पेशंट आहे माझा, मिस्टर टॉली. जन्मभर जहाजांवर स्टुअर्ड होता. खुबा मोडलाय, आता घरी जाईलसं वाटत नाही. रोज एकच विचारतो, माझ्या सापांना कोण बघणार? घरमालक म्हणतोय, आठवड्यात नेले नाहीत तर मारून टाकीन."

"किती आहेत?"

"दोन. अगं, मी काय सांगितलं तुला?"

"घेऊन या," मी म्हटलं.

मी झुऑलॉजीची बी.एस्सी. होते. आमच्या कॉलेजात साप होते, पण स्पिरिटच्या बरण्यांत, रंग उडून सुजलेल्या शेवयांसारखे पांढरे झालेले. परीक्षेपुरती त्यांची चित्रं काढायची. इथे आल्यावर नोकरीच्या ऑफिसात ती डिग्री दाखवली तर समोरच्या माणसानं विचारलं, "टायपिंग येतं का?" येत नव्हतं. मग बिस्किटाच्या फॅक्टरीत पॅकिंगला जा म्हणाला. तिथे आठ महिने काढले. फॅक्टरीनं माणसं कमी केली तेव्हा पहिली मी घरी आले. त्यानंतर मी पोर्ट्सवुड भागातल्या त्या अरुंद घरात भिंतींकडे बघत बसलेली असायचे. मूलबाळ नव्हतं. अशा घरात टॉलींचे दोन साप एका लाकडी पेटीत आले आणि मला सकाळी उठायला कारण मिळालं.

अमेरिकेतले कॉर्न स्नेक ते. आपल्या धामणीसारखेच बिनविषारी, उंदरांवर जगणारे, पण अंगावर गेरूच्या रंगाचे पट्टे आणि पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी. मादी डचेस, नर कॅप्टन. श्रीधर सापांच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. लहानपणी सांगलीला त्यांच्या आत्याला घोणस चावली होती, त्यात ती गेली. त्यांनी भ्यावं हे मला कधी चुकीचं वाटलं नाही. त्यांनी एकच अट घातली.

"साप राहू देत. पण त्यांचा खर्च त्यांनी भागवायचा. तुला ठाऊक आहे, धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगचे पैसे जातात दर महिन्याला."

"भागवतील," मी म्हटलं. कसे, ते मला ठाऊक नव्हतं.

खर्च दोनच, पण हट्टी. एक उंदरांचा. तो मी मागच्या शेडमध्ये स्वतःच उंदीर वाढवून आटोक्यात आणला. दुसरा विजेचा. इंग्लंडच्या हिवाळ्यात पेटीतला दिवा बंद करून चालत नाही. पहिल्या हिवाळ्यानंतर बिल आलं तेव्हा श्रीधर चष्मा पुसत बसले. ते मला फार लागलं. तेव्हाच ठरवलं, पिल्लं काढायची आणि विकायची. टॉलींना सहा वर्षांत जमलं नव्हतं. मी वॉर्डात जाऊन त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी लाड करायचो ना त्यांचे. वर्षभर उबेत ठेवायचो." मी लाड केले नाहीत; थंडीत निजल्याशिवाय हे साप जोडीला येत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात दोघांना पोटं रिकामी करून, दिवे बंद करून, दोन महिने पोर्चमध्ये गारठ्यात निजवलं. वसंतात ऊब दिली, दोघांनी कात टाकली, मग कॅप्टनला डचेसच्या पेटीत सोडलं. जूनच्या मध्याला सतरा अंडी. कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नसतात ती. मऊ, चामड्याची, एकमेकांना चिकटलेली. दुपारभर डचेस त्यांच्याभोवती वेटोळं घालून पडली होती, दमलेली, अंगावरचं कातडं सैल पडलेलं.

अंडी गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवायची, जिथे इंग्रज लोक टॉवेल वाळवतात, असं टॉलींनी सांगितलं होतं. ठेवली. आणि आठवड्यात तो उन्हाळा सुरू झाला. माडीवरच्या त्या कपाटातल्या थर्मामीटरचा पारा चढतच होता. अंडी शिजली असती. मी डबे तसेच, एकही अंडं न कलंडू देता, छातीशी धरून एकेक पायरी उतरले आणि जिन्याखाली ठेवले. वर ओला पंचा. पंचा दिवसातून चार वेळा भिजवायचा, तोही आंघोळीच्या साठवलेल्या पाण्यात. अख्खं शहर पावसासाठी आभाळाकडे बघत होतं. मी थर्मामीटरकडे.

एक अंडं पिवळं पडलं, मग दुसरं. त्यांना बुरशी धरली. एकूण चार गेली. राहिली तेरा.

याच दिवसांत मिसेस व्हिटकॉम्बनी मला चहाला बोलावलं. श्रीधरांच्या वरच्या कन्सल्टंट डॉक्टरांच्या बायको. हॉस्पिटलची वार्षिक जत्रा, फेट म्हणतात तिला, त्याच भरवायच्या. श्रीधरांनी हृदयविकार विभागात रजिस्ट्रारच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि त्याला लागणारा रेफरन्स व्हिटकॉम्बसाहेब लिहिणार होते. अजून लिहिला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि मिसेस व्हिटकॉम्बना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

"तुमच्या सापांबद्दल ऐकलं," त्या म्हणाल्या. "आमच्या डोक्यात एक मस्त कल्पना आलीय. तुम्ही छान झगमगीत साडी नेसायची, टोपलीत साप, डॉक्टर फेटा बांधून पुंगी वाजवतील. मुलं वेडी होतील! आणि तुमच्या सापांच्या खर्चासाठी आम्ही काही देऊच."

त्यांनी आकडा सांगितला. हिवाळ्याचं सबंध बिल भागलं असतं. म्हणजे अट पुरी झाली असती, एका दुपारीत.

मी म्हटलं, "साप पुंगी ऐकत नाही. त्याला बाहेरचा कान नसतो. मी टेबल लावते, माझ्या रोजच्या कपड्यांत येते. लोकांना साप दाखवते, हातात देते, काय खातो, कसा जगतो ते सांगते. पैसे कमी द्या हवे तर."

त्या हसल्या. "फेटला कोणी लेक्चर ऐकायला येत नाही, डियर."

"मग मला जमणार नाही."

मी कप खाली ठेवला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुद्दाम आपटला नव्हता.

घरी येताना मालतीवहिनींकडे थांबले. त्याही डॉक्टरांच्याच बायको, मनानं चांगल्या, अडीनडीला धावून येणाऱ्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, एवढंसं सोंग केलंस तर काय बिघडणार होतं? आपण परक्या मुलखात आलोय. हसून घ्यायचं आणि पुढे जायचं. आणि तसंही, नागोबाला दूध दाखवायचं सोडून तू त्याची पोरं विकायला निघालीयेस. त्याची नाही वाटत लाज, आणि याची वाटते?"

"विकण्याची कसली लाज, वहिनी? मी राबून वाढवलीत. सोंग माझ्या राबण्याचं नाही, माझ्या कातडीचं मागतायत त्या."

वहिनी हळूच म्हणाल्या, "श्रीधरभावोजींचा तरी विचार करायचास."

तो मी केला होता. केला होता आणि तरीही नाही म्हटलं होतं. हे मला गोड करून सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

श्रीधरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझे साप, तू ठरव," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ पेपरचं एकच पान वाचत राहिले.

फेट जुलैच्या शेवटच्या शनिवारी होती. सगळ्या डॉक्टरांनी सहकुटुंब जायची पद्धत, म्हणून आम्हीही गेलो. वाळक्या गवतावर तंबू, वितळणारं आइस्क्रीम, बँड. आणि मधोमध एक गर्दी. आत बघितलं. हॉस्पिटलच्याच एका पोर्टरला तोंडाला बूटपॉलिश फासून बसवलं होतं. डोक्याला गुंडाळलेला आंघोळीचा टॉवेल, हातात शाळेतली प्लॅस्टिकची बासरी, पुढे कपड्यांची टोपली. तो बासरी फुंकी, कुणी दोरी ओढी आणि टोपलीतून रबरी साप वर येई. लोक पोट धरून हसत होते. आमच्याकडे वळून वळून बघत होते. त्यात वाईट हेतू असेल असंही नाही. आम्हीही हसू अशी त्यांची अपेक्षा होती. श्रीधर आपल्या बुटांकडे बघत उभे होते.

एका लहान मुलीनं विचारलं, "सापाला गाणं आवडतं?"

"खूप आवडतं! सगळं ऐकतो तो," पोर्टर म्हणाला.

"नाही ऐकत," मी म्हटलं.

मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. माना वळल्या. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला फिरायचंही नव्हतं. मी पुढे जाऊन त्या मुलीसमोर वाकले. "सापाला तुझ्यासारखे कान नसतात. त्याला जमिनीची थरथर कळते. तू पाय आपटलास तर कळेल. गारुड्यापुढे तो डोलतो ते समोरच्या हलत्या वस्तूवर नजर ठेवायला, भीतीनं. माझ्याकडे दोन साप आहेत. एकीनं अंडी घातलीत."

"किती?"

"सतरा. तेरा चांगली आहेत."

"ती त्यांच्यावर बसते का? कोंबडीसारखी?"

"नाही. मी बघते त्यांच्याकडे."

मुलगी विचारत गेली, मी सांगत गेले. गर्दी पांगली नाही. पोर्टरनं टॉवेल काढला, तो आतून काळा झाला होता. माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "सॉरी लव्ह, मला करायला सांगितलं." मिसेस व्हिटकॉम्ब मात्र लाल झाल्या होत्या. "नुसती गंमत होती हो," त्या म्हणाल्या.

"मला कळलं ते. गंमत माझीच चालली होती," मी म्हटलं.

निघताना एका उंच, उन्हानं नाक सोललेल्या बाईनं मला गाठलं. मिस ड्रेक. शाळेत सायन्स शिकवत. "ऑक्टोबरात आमच्या वर्गाला हेच सांगाल का? फी देतो आम्ही. थोडीच असते." मी पर्समधून पेन काढून तिथल्या तिथे पत्ता लिहून दिला.

आम्ही बसनं घरी आलो. घराचं दार लावल्यावर श्रीधर म्हणाले, "मंगळवारी इंटरव्ह्यू आहे, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"तरी बोललीस."

"तरी बोलले."

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. जागा मिळाली नाही. ते मंगळवारी संध्याकाळी आले, टाय सोडला, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. मी समोर उभी राहिले. माफी मागावी असं मनात आलं, पण मागितली नाही, कारण ती खरी नसती. तेच म्हणाले, "गेल्या वर्षीही मिळाली नव्हती, इंदू. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. तेव्हा तू कुणाला काय बोलली होतीस?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी फेटा बांधून नाचलो असतो ना, तरी मिळाली नसती. वर नाचलेलं मात्र जन्मभर राहिलं असतं." मग बुटाची नाडी सोडत म्हणाले, "राग आला होता मला. तुझा नव्हता. तू बोललीस आणि मी बूट बघत राहिलो, त्याचा होता."

पुढे त्यांनी हॉस्पिटल सोडलं आणि जनरल प्रॅक्टिस घेतली. लोक त्यांच्याकडे दोन-दोन पिढ्या येत राहिले. ती जागा माझ्यामुळे गेली का? हा प्रश्न मला आजही अधूनमधून पडतो. उत्तर काहीही असलं तरी मी पुन्हा तेच बोलेन, एवढं पक्कं आहे.

ऑगस्टच्या मध्याला एका सकाळी मी मागे उंदरांचे पिंजरे धूत होते. आतून हाक आली, "इंदू! इंदू, अगं ये लवकर, कुणीतरी बाहेर बघतंय!" बूटपॉलिश घ्यायला श्रीधर जिन्याखाली वाकले होते. पंचा सरकला होता, आणि डब्याच्या पारदर्शक झाकणाखाली एका अंड्याला बारीक चीर पडलेली आणि तिच्यातून मुगाएवढं डोकं बाहेर. मी पोचले तेव्हा ते एका पायात बूट घालून, कपाटापासून हातभर अंतर राखून बसले होते. त्या दिवशी वॉर्डात त्यांना उशीर झाला. दोन दिवसांत बारा पिल्लं आली. तेरावं आतच मेलं. ते मी टोमॅटोच्या आळ्यात पुरलं.

आठवड्यानं पिल्लांनी पहिली कात टाकली, आणि कापडी पिशवीत एक घालून, कार्डिगनच्या खिशात ठेवून मी वॉर्डात गेले. नियमात बसत नव्हतं. सिस्टर माझ्या खिशाकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत राहिले. ती औषधांची ट्रॉली घेऊन पुढे गेली. टॉलींच्या बोटांत पिल्लू बुटाच्या नाडीसारखं गुंतलं. मग त्यांनी विचारलं, "किती घेतेस एकाचे?"

"तुमच्याकडून कशाला?"

"डचेसच्या पोरीची किंमत नाही द्यायची? उद्या तू सगळ्यांना फुकट वाटशील." उशीखालच्या पाकिटातून त्यांनी पैसे काढून माझ्या मुठीत कोंबले. "हे माझं. पण ठेव तुझ्याकडेच." माझी पहिली विक्री ती. थंडी पडायच्या आत टॉली गेले. त्यांचं पिल्लू माझ्याकडे एकोणीस वर्षं होतं.

बाकीची विकणं सोपं गेलं नाही. साप खात नसेल तर तो विकायचा नाही, हा माझा नियम. दोन पिल्लं महिनाभर उंदराला तोंड लावायला तयार नव्हती. प्राण्यांच्या दुकानाच्या खिडकीत मी हातानं लिहिलेलं कार्ड लावलं होतं. पहिला गिऱ्हाईक रेडिंगहून गाडी घेऊन आला. दारात मला बघून म्हणाला, "तुमचे मिस्टर आहेत का? सापांबद्दल बोलायचं होतं." मी त्याला आत घेतलं, पिल्लं दाखवली आणि विचारलं, ठेवणार कशात? गोळ्यांच्या बरणीत, म्हणाला, शेल्फवर शोभेल. त्याला मी पिल्लू दिलं नाही. पैसे टेबलावर ठेवले होते त्यानं, ते उचलून परत दिले. गरज होती तरी. दुसरी आली ती एक नर्स. तिसरा निवृत्त पोस्टमन, त्यानं आधी आपल्या पेटीचा नकाशाच काढून आणला होता. नाताळपर्यंत नऊ पिल्लं गेली. कुठे गेली ते सगळं मी लिहून ठेवलं. पत्र टाकून खुशाली विचारायचे, लोक हसायचे आणि उत्तर लिहायचे.

मिस ड्रेकच्या वर्गात मी सुती साडी आणि तपकिरी कार्डिगन घालून गेले. थंडीत रोज घालायचे तेच. तीस मुलं डचेसला हातावर घ्यायला रांगेत उभी होती आणि कुणीही पुंगीबद्दल विचारलं नाही. एक मुलगा मात्र म्हणाला, "मिस, तुम्ही खऱ्या सायंटिस्ट आहात?" मी हो म्हटलं. बी.एस्सी. झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, का नको म्हणू? त्या शाळेनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला.

जानेवारीत विजेचं बिल आलं. श्रीधरांनी पाकीट फोडलं, माझ्याकडे बघितलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या विजेच्या ऑफिसात गेले, रांगेत उभी राहिले आणि काउंटरवर सगळे पैसे मोजून ठेवले. शाळांचे, नर्सचे, पोस्टमनचे. पुरले. क्लार्कनं शिक्का मारला.

"आणि बिलावरचं नाव बदलायचंय," मी म्हटलं. "यापुढे माझ्या नावानं पाठवा."

"मिस्टरांची हरकत नाही ना?"

"दिवे माझ्या सापांचे आहेत. पैसे मी भरलेत."

त्यानं खांदे उडवले आणि कार्ड पुढे ओढलं. लिहून झाल्यावर मी ते उलटं वाचलं. मिसेस एस. पॅटर्सन.

"नाही. पुन्हा लिहा. इंदुमती पटवर्धन."

त्यानं माझ्या मागच्या रांगेकडे बघितलं. रांग दारापर्यंत गेली होती, कुणीतरी खाकरलं. मी काउंटरवर दोन्ही कोपर टेकले आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. एकेक अक्षर त्यानं नीट लिहिलंय हे बघितल्याशिवाय पुढचं सांगितलं नाही.